जबड्याच्या कॅन्सरचे रुग्ण राहतात त्या खोलीसाठी पुनरुत्थित प्रभूचं चित्र: चेहरा कसा काढू?

लाकडी_ठसा (बडोदा)

प्रभूमध्ये सर्वांना सलाम.

मी बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये ग्राफिकला शिकले. आता शाळेत चित्रकला शिकवते आणि घरी वुडकट (लाकडी फळी कोरून छापलेली चित्रं) करते. आमच्या मंडळीने दवाखान्याजवळ एक छोटं घर भाड्याने घेतलंय. कॅन्सरच्या रुग्णांबरोबर आलेली माणसं तिथे राहतात, आणि रेडिएशन चालू असेल तर रुग्णही राहतात. छोटा उदेपूर, दाहोद, अलिराजपूर, नंदुरबार अशा गावांहून आलेली. बहुतेकांना तोंडाचा नाही तर जबड्याचा. मावा, गुटखा, तंबाखू. ख्रिस्ती त्यांत अगदी थोडे.

बाहेरच्या खोलीची एक भिंत मोकळी आहे. पाळकसाहेबांनी तिथे चित्र करायला सांगितलंय. विषय 'दुःखातली आशा', वचन मी निवडायचं. कमिटीच्या मनात मेंढपाळ आहे: पांढरा शुभ्र झगा, कडेवर कोकरू, मागे हिरवं कुरण. तसं एक कॅलेंडर सध्या तिथे लावलेलंच आहे. मागे एकदा तिथे राहणारी एक बाई, नवरा ऑपरेशन होऊन वॉर्डात होता, त्या कॅलेंडरसमोर बराच वेळ उभी होती. मला म्हणाली, "बेन, आमने तो कशुं वाग्युं ज नथी." यांना तर काही लागलेलंच नाही. तक्रारीचा सूर नव्हता. तिला जे दिसलं ते तिने सांगितलं.

हे वाक्य मला सोडत नाही, कारण माझा थोरला भाऊ याच दुखण्याने गेला. ऑपरेशनमध्ये डाव्या बाजूचा जबडा काढला आणि गाल भरून काढायला छातीचं मांस आणि कातडी वर आणून लावली. काही महिन्यांनी त्या गालावर छातीचे केस उगवले. दाढी करताना त्याचा हात तिथे थांबायचा. मग त्याने न्हाणीघरातला आरसा काढून ठेवला. उपासनेला यायचा तेव्हा तोंडाला गमछा, बसायचा शेवटच्या बाकावर, खांबाआड. मला म्हणायचा, स्तोत्र 23 नको, 88 वाच. ते स्तोत्र अंधारावरच संपतं, शेवटी उजेड येत नाही. मी वाचायचे आणि तो मान हलवायचा, जणू कोणीतरी त्याच्या बाजूने साक्ष देतंय.

म्हणून ह्या भिंतीवर मला खोटं काही लावायचं नाही. पण नुसता वधस्तंभही लावायचा नाही. ज्या माणसाला उद्या सकाळी रेडिएशनला जायचंय, त्याने रात्री उशाशी तेच का बघावं? मला पुनरुत्थित प्रभू काढायचाय. अडलंय ते चेहऱ्यापाशी. यशया 52 आणि 53 मध्ये ज्याचा चेहरा माणसाचा राहिला नाही, ज्याला पाहून लोक तोंड फिरवतात, तो पुनरुत्थानानंतर देखणा होऊन आला असं दाखवलं, तर माझ्या भावासारख्यांना मी काय सांगतेय? तुमचं रूप परत आलं की मगच आशा? आणि विद्रूप दाखवला तर पुनरुत्थान कुठे राहिलं?

वचनाबद्दल, जुन्या चित्रांबद्दल, आणि ज्यांनी अशा रुग्णांची सेवा केलीय त्यांच्या अनुभवाबद्दल कृपा करून लिहा. फळी साधारण चार फूट बाय तीन फूट, काळी शाई, फार तर आणखी एक रंग.

दांडियाबाजारकर

ताई, मी ख्रिस्ती नाही. आमचं घर दांडिया बाजारातलं. मी कलेचा इतिहास शिकलो, आणि तुमचा प्रश्न वाचल्यावर लिहिल्याशिवाय राहवलं नाही. नेमका हाच प्रश्न पाचशे वर्षांपूर्वी एका चित्रकाराने दवाखान्यासाठीच सोडवलेला आहे.

फ्रान्समधल्या आल्सासमध्ये कोल्मारजवळ इझेनहाइम नावाच्या गावी संत अँथनीच्या पंथाच्या साधूंचा मठ होता. तिथे 'संत अँथनीचा अग्नी' झालेल्या रुग्णांची शुश्रूषा व्हायची. राय नावाच्या धान्यावर एक बुरशी पडते, ते धान्य दळून त्याची भाकरी खाल्ली की हा रोग होतो. अंगाची आग, कातडीवर फोड, मग हातपाय काळे पडून सडायचे आणि कापावे लागायचे. त्या मठाच्या वेदीसाठी माथियास ग्र्यूनेवाल्ड याने 1512 ते 1516 या काळात चित्रं केली. सध्या ती कोल्मारच्या उंटरलिंडेन संग्रहालयात आहेत.

ही वेदी दारांच्या कपाटासारखी उघडते. दारं मिटलेली असताना समोर वधस्तंभ. ख्रिस्ताचं अंग हिरवट पडलेलं, सगळ्या कातडीत काटे रुतलेले, फोड आलेले, बोटं वाकडी होऊन ताठरलेली. रुग्णाने पाहिलं की त्याला स्वतःचीच कातडी दिसावी. सणाच्या दिवशी दारं उघडली की आत पुनरुत्थान. आता तुमच्या कामाची गोष्ट. त्या आतल्या चित्रात अंगावरचे फोड गेलेले आहेत. पण खिळ्यांच्या जखमा गेलेल्या नाहीत, त्या उजळलेल्या आहेत. आणि चेहरा? चेहऱ्याच्या रेषा मागच्या सोनेरी तेजात जवळजवळ विरघळून गेल्यात. कडा हरवल्यात. म्हणजे हा माणूस देखणा की विद्रूप, हा प्रश्नच ग्र्यूनेवाल्डने बाजूला ठेवला. जखमा ठळक केल्या आणि चेहरा उजेडात सोडून दिला.

दुसरं नाव आपल्याकडचं, अँजेलो दा फोन्सेका (1902–1967). मूळ गोव्याचे, पुढे पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले. आपल्या बडोद्याच्या कीर्तिमंदिरात ज्या नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आपण लहानपणापासून बघतोय, त्यांच्याकडेच ते शांतिनिकेतनात शिकले. त्यांची मरिया साडी नेसते, कपाळ-डोळे आपल्याकडच्या बायकांसारखे. त्याबद्दल गोव्यात त्यांना बराच विरोध सोसावा लागला. त्यांची बरीच चित्रं आज पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहेत. ती बघितल्यावर मला एवढं पटलंय की, प्रभू कोणाच्या चेहऱ्यामोहऱ्याचा काढायचा याला एकच ठरलेलं उत्तर नाही. तुम्ही तो दाहोदच्या भिल्ल माणसासारखा काढलात तरी कोणाचा अपमान होत नाही.

कीर्तिमंदिराला एकदा परत जाऊन या, ताई. महाभारताच्या भिंतीसमोर उभ्या राहा. इतकी माणसं, इतकी हत्या, आणि तरी चेहऱ्यांपेक्षा हातच जास्त बोलतात.

पाळकांचा_मुलगा

ताई, सलाम. माझे वडील आयुष्यभर पाळक होते, गुजरातेत आणि खानदेशात. त्यांच्याबरोबर लहानपणी मी पुष्कळ दवाखान्यांत गेलोय. थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका.

मेंढपाळाला इतक्या लवकर भिंतीवरून उतरवू नका. पहिल्या काही शतकांतल्या ख्रिस्ती लोकांना छळ म्हणजे काय ते आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. रोमच्या भुयारी दफनभूमीत, प्रिस्किलाच्या भुयारात, त्यांनी मेलेल्यांच्या डोक्यावर छताला काय काढलं? मेंढपाळ. तरुण, बिनदाढीचा, खांद्यावर पशू घेतलेला. शेजारी माशाच्या पोटातून निघालेला योना, कबरेतून बाहेर येणारा लाजार, सिंहांमधला दानीएल. ही तिसऱ्या शतकाच्या आसपासची चित्रं. वधस्तंभाची चित्रं फार उशिरा येतात. रोममध्येच संत सबीनाच्या चर्चच्या लाकडी दरवाज्यावर वधस्तंभ कोरलाय, तो पाचव्या शतकातला आणि सर्वांत जुन्यांपैकी एक. ज्यांची माणसं खरोखर मारली जात होती, त्यांनी मरणाच्या दारात मेंढपाळ काढला. तो त्यांना गुळगुळीत वाटला नाही.

आणि स्तोत्र 23 मध्ये नुसतं कुरण कुठे आहे? मधोमध मृत्युच्छायेची दरी आहे. शत्रूंच्या देखत मांडलेलं ताट आहे. कॅलेंडरवाल्यांनी दरी काढून टाकली, हा दोष दाविदाच्या स्तोत्राचा नाही. योहान 10 मध्ये तर उत्तम मेंढपाळ मेंढरांसाठी आपला प्राण देतो. तेव्हा त्या बाईंना "यांना काही लागलेलं नाही" असं वाटलं, तर त्याच मेंढपाळाच्या हाताला जखम दाखवा. दरीत उभा करा. रात्र करा. पण मेंढपाळ राहू द्या. मरणाच्या वेळी माझ्या वडिलांना पाठ असलेलं सगळं विसरायला झालं होतं, तेव्हा हेच स्तोत्र त्यांच्या ओठांवर राहिलं.

तुमच्या भावाला 88वं जवळचं वाटलं, त्याचं मला मुळीच नवल वाटत नाही. दोन्ही स्तोत्रं एकाच संहितेत आहेत.

लाकडी_ठसा (बडोदा)

दोघांचेही मनापासून आभार. दांडियाबाजारकर, ग्र्यूनेवाल्ड कॉलेजात स्लाइडवर पाहिला होता, पण तो रुग्णांसाठी होता या बाजूने कधी बघितला नव्हता. 'फोड गेले, जखमा राहिल्या' हे मी वहीत लिहून ठेवलंय.

पाळकपुत्र दादा, राग कसला? भुयारातल्या मेंढपाळाचं तुम्ही लिहिलंत, ते मी कमिटीपुढे वाचून दाखवणार आहे. पण एक शंका आहे. तिथे येणारी पुष्कळ माणसं स्वतःच शेळ्या राखणारी आहेत. मेंढपाळ म्हटल्यावर त्यांना ते स्वतःच दिसतात, कोकरू दिसत नाही. एका आजोबांनी मला विचारलं होतं, हा माणूस आपल्या शेळ्या कोणाच्या भरवशावर सोडून इथे आलाय? त्यांचं मन सगळं घरी राहिलेल्या जनावरांत होतं. त्यांच्यासमोर आणखी एक राखणारा उभा करण्यापेक्षा, त्यांच्या बाजूला येऊन बसणारा कोणी दाखवता येईल का, असं मनात घोळतंय.

नगरकर

बाई, तुमचा प्रश्न चेहऱ्याचा आहे, तर शुभवर्तमानांत काय आहे ते ओळीने बघू.

योहान 20: मग्दालीया मरिया कबरेपाशी रडते आहे, प्रभू समोर उभा, आणि तिला वाटतं हा माळी. ओळख पटते ती तिच्या नावाने हाक मारल्यावर. लूक 24: अम्माऊसच्या वाटेवर दोघे त्याच्याबरोबर चालले, बोलले, तरी ओळखलं नाही. ओळखलं कधी, तर त्याने भाकर मोडली तेव्हा. त्याच अध्यायात पुढे अकरा जणांना तो भूत वाटतो, मग तो हात आणि पाय दाखवतो आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यादेखत खातो. योहान 20 मध्येच थोमा: हात आणि कूस. योहान 21: तिबिर्याच्या समुद्रकाठी पहाटे तो उभा आहे, शिष्यांना कळत नाही तो कोण. जाळं भरतं तेव्हा एकाला उमगतं. काठावर आल्यावरही कोणी "तू कोण आहेस" असं विचारायला धजत नाही, कारण तो प्रभू आहे हे त्यांना ठाऊक असतं.

हे सगळं एकत्र वाचा. या प्रसंगांत एकानेही त्याला चेहऱ्यावरून ओळखलेलं नाही. हाक, हात, जखमा, भाकर मोडायची रीत, यांवरून ओळखलं. त्याचा चेहरा कसा होता याबद्दल एक अक्षर नाही. जिथे शास्त्र गप्प आहे तिथे तुम्हाला चेहरा शोधून काढण्याचं बंधन नाही.

म्हणून माझी सूचना योहान 21 ची. कोळशाचा विस्तव पेटलेला, त्यावर मासळी, आणि भाकर. प्रभू म्हणतो, "या, न्याहारी करा." अठराव्या अध्यायात महायाजकाच्या अंगणातही कोळशाचा विस्तव आहे, त्याच्यापाशी शेकताना पेत्राने नाकारलं होतं. इथे पुन्हा विस्तव, आणि त्याच पेत्राला न्याहारी. तुमच्या भावाने खांबाआड बसून ज्या उपासना काढल्या, त्याला ह्या विस्तवाजवळची जागा आवडली असती असं वाटतं.

ईयोब 14 मधला तोडलेल्या झाडाला पाण्याच्या वासाने धुमारे फुटतात हा भाग चित्रांत फार वापरतात, तो मात्र जपून घ्या. पुढच्याच वचनात ईयोब म्हणतो, झाडाला आशा आहे, माणसाला नाही. तुमच्या खोलीतले लोक ते पुढचं वचन मनातल्या मनात म्हणत असतात. ईयोबाकडूनच घ्यायचं तर 19 मधलं घ्या, जिथे तो म्हणतो की माझा उद्धारक जिवंत आहे.

निवृत्त_सिस्टर

नगरकर भाऊंनी लिहिलेलं वाचून डोळे भरून आले. पण मी तोंडाच्या कॅन्सरच्या वॉर्डात पुष्कळ वर्षं ड्युटी केलीय, तेव्हा एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. चित्र न्याहारीचं असेल तर फार सांभाळून करा.

ह्या रुग्णांपैकी कित्येकांच्या नाकात नळी असते. दूध, पातळ खिमट, डाळीचं पाणी, सगळं सिरिंजने. ज्यांना नळी नाही त्यांचं तोंड दोन बोटंही उघडत नाही. रेडिएशनने लाळ सुकते, चव जाते, पाणीसुद्धा झोंबतं. वॉर्डातल्या बायका डबा उघडताना नवऱ्याकडे पाठ करून बसतात आणि घाईघाईने चार घास गिळतात. आपण खातो याची त्यांना लाज वाटते. अशा खोलीत भरल्या ताटाचं चित्र लावलं तर ते रोज डोळ्यांत खुपेल.

तरी मी नको म्हणत नाही. एक रुग्ण होता, नळीवर, घरचे त्याला जेवणाच्या वेळी दुसऱ्या खोलीत न्यायचे, वास येऊ नये म्हणून. त्याने पाटीवर लिहून दाखवलं: मला पंगतीतून उठवू नका. त्याला खायचं नव्हतं, बसायचं होतं. नंतर घरचे त्याला मधोमध बसवायचे आणि तो हाताने वाढायचा. तुमच्या चित्रात खाणं दाखवू नका, बसणं दाखवा. विस्तव असू दे, बोलावणारा हात असू दे, बसायला जागा असू दे. मासळी असलीच तर निखाऱ्यावर, कोणाच्या तोंडाशी नको.

आता भिंतीचं. मानेतल्या गाठी काढलेल्या माणसाची मान वर होत नाही, त्या बाजूचा खांदाही उचलत नाही. चित्र आपण नेहमी लावतो तेवढ्या उंचीवर लावलंत तर त्यांना चौकटीचा खालचा भागच दिसेल. खाटेवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर चित्राचा मध्य येईल इतकं खाली लावा. काच लावू नका. ट्यूबलाइटची तिरीप पडते, आणि काचेत स्वतःचं तोंड दिसतं. दिवसातून दहा वेळा ते त्यांना नकोसं असतं.

आणि ताई, 'आशा' म्हणजे बरं होणं असा अर्थ चित्रातून निघू देऊ नका. त्यातले काही बरे होणार नाहीत आणि त्यांना ते आपल्याआधी कळलेलं असतं.

ग्राफिकवाला

फाइन आर्ट्सचा, तुझ्यानंतरच्या बॅचचा. बाकीच्यांनी अर्थ सांगितलाय, मी फळीचं बोलतो.

वुडकटमध्ये न कोरलेली फळी छापली तर सगळं काळंच येतं. उजेड पाहिजे तिथे लाकूड काढावं लागतं. तेव्हा तुझी सुरुवातच रात्रीपासून आहे, पहाट तुला पटाशीने मिळवायचीय. कोरायला सुरुवात विस्तवापासून कर, आकाशापासून नको. आकाश आधी उघडलंस तर सगळं चित्र लख्ख होईल आणि कॅलेंडरच्या वाटेला लागेल. विस्तवाचा पांढरा सर्वांत मोठा, मग हात, मग चेहऱ्याची विस्तवाकडची कड, आणि क्षितिजाला एक बारीक चीर. बाकी फळीला हात लावू नकोस. सागाचे रेषे काळ्यातही दिसतात, शाई पातळ लावलीस तर ते पाण्यासारखे उमटतील.

फ्रेंच चित्रकार रुओचा 'मिझेरेरे' संच आठवतो ना? पहिल्या महायुद्धाच्या काळात सुरू केलेला, 58 छापचित्रं, प्रसिद्ध झाला 1948 मध्ये. जाड काळ्या रेषा, मधेमधे कोंडलेला उजेड. शेवटच्या 58व्या चित्राखाली यशया 53 मधलंच वचन आहे, त्याला झालेल्या जखमांनी आपण बरे झालो. तुझ्या प्रश्नातला अध्याय तो! आणि त्या चित्रात आहे नुसता चेहरा, डोळे मिटलेला. एवढ्या काळ्यातून तो चेहरा शांत वाटतो, कारण रुओने काळा कुठेही धुऊन टाकला नाही.

दुसरा रंग वापरायचा असेल तर फक्त निखाऱ्यांत. वेगळी छोटी फळी कर. आणि ठसा उलटा येतो हे तुला सांगायला नको, पण डाव्या गालाचं काही दाखवणार असशील तर आधी ट्रेसिंग उलटवून बघ.

पाळकांचा_मुलगा

सिस्टरबाईंचं वाचलं आणि माझा आग्रह थोडा सैल झाला. ताईंनी त्या आजोबांचं लिहिलं तेही खरं. पेत्राला ह्याच न्याहारीनंतर प्रभू म्हणतो, माझी मेंढरे पाळ. म्हणजे योहान 21 घेतलंत तरी मेंढपाळ कुठे गेला नाही. कमिटीला हे जरूर सांगा, त्यांचाही मान राहील.

लाकडी_ठसा (बडोदा)

सगळ्यांचं पुन्हा पुन्हा वाचलं. पाळकसाहेबांनाही दाखवलं. नगरकर भाऊंच्या "एकानेही चेहऱ्यावरून ओळखलं नाही" यापाशी मी थांबले, कारण हे मी घरात घडताना पाहिलंय. दादा उपासनेत ढोलकी वाजवायचा. ऑपरेशनहून घरी आला तेव्हा माझा मुलगा, लहान होता, त्याला बघून माझ्या मागे लपला. मामा नाही म्हणाला. दादाला बोलता येत नव्हतं. त्याने खाटेच्या लाकडी कडेवर बोटांनी ठेका धरला, भजनाच्या शेवटी धरायचा तोच. पोरगं हळूहळू पुढे आलं आणि खाटेवर चढून त्याच्या मांडीत बसलं. हे योहान 20 आणि 21 बरोबर ठेवून मी कधी वाचलंच नव्हतं.

तर आता असं ठरलंय. योहान 21. काठ तिबिर्याचा, पण वाळू मी ओरसंग नदीची काढणार, छोटा उदेपूरकडच्या माणसांना ती पाहिल्याबरोबर कळेल. प्रभू उकिडवा बसून निखारे सारखे करतोय. डोकं खाली, विस्तवाकडे. उजेड खालून, त्यामुळे हात सर्वांत उजळ, मनगटाच्या जखमा उघड्या. चेहऱ्याची फक्त कड कोरणार, बाकी फळी तशीच. देखणा की विद्रूप हे चित्र सांगणार नाही. मासळी निखाऱ्यावर, छोटी. भाकर झाकलेली, फडक्यात.

शिष्य तिघेच घेतलेत. त्यांतला एक तोंडावरचा गमछा सोडतोय. अजून सुटलेला नाही, गाठ हातात आहे. हा भाग मी सर्वांत आधी रेखाटला आणि तिथे राहणाऱ्या एका भाऊंना दाखवला, ज्यांच्या तोंडाला दिवसभर गमछा असतो. त्यांनी बोट ठेवून विचारलं, हा कोण? मी म्हटलं, मासे धरायला गेलेला, रात्रभर काही मिळालं नाही. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि खुणेने सांगितलं, गाठ मागे नसते, कानाजवळ असते, मागे मारली तर झोपताना टोचते. गाठ आता कानाजवळ आहे.

विस्तवाच्या अलीकडे, बघणाऱ्याच्या बाजूला, जागा रिकामी. सिस्टरबाई, चित्र खाली लावणार, खाटेच्या हिशेबाने, आणि काच नाही. कॅलेंडरचा मेंढपाळही दुसऱ्या भिंतीवर राहणार. दादा, तुमचं भुयाराचं आणि "माझी मेंढरे पाळ" हे दोन्ही कमिटीत वाचून दाखवलं, त्यानंतर कोणाची हरकत उरली नाही.

ग्राफिकवाल्या, तुझं ऐकून सुरुवात विस्तवापासूनच केलीय. निखाऱ्यांची वेगळी फळी आंब्याची घेतलीय, मऊ आहे, पण एवढ्या लहान भागाला चालेल. मोठी फळी मात्र प्रेसमध्ये मावत नाही. जमिनीवर ठेवून नेपाळी कागद अंथरून चमच्याने घासूनच छापावी लागणार, आणि शाई सुकायच्या आत चार फूट कागद एकटीच्या हाताने घासून होणार नाही. येत्या दोन शनिवारी दुपारी तीननंतर फतेगंजला कोणाला येता येईल का? रोलर आणि शाई माझ्याकडे आहे. जुने लाकडी चमचे असतील तर घेऊन या.

दांडियाबाजारकर

पहिल्या शनिवारी मी येतो. बरोबर धाकट्या बहिणीला आणतो, तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. चमचे आईकडून मागून आणतो.

निवृत्त_सिस्टर

मला जमिनीवर बसता येत नाही, पण चहाचं माझ्याकडे. त्या भाऊंना विचारा, त्यांना यायचंय का. हात तर त्यांचे चांगले आहेत.